जगातील पहिल्या नर्सिंग प्राध्यापक कोण होत्या? जाणून घ्या ॲडलेड नटिंग यांच्याविषयी

सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत नर्सिंगची विद्यार्थिनी म्हणजे रुग्णालयाला स्वस्तात मिळणारे मनुष्यबळ. दिवसभर वॉर्डात राबायचे आणि थकल्या डोळ्यांनी रात्री व्याख्यान ऐकायचे, हेच शिक्षण. हे चित्र बदलण्यात मेरी ॲडलेड नटिंग यांचा मोठा वाटा आहे.

कोण होत्या नटिंग?

जन्म १८५८, कॅनडातील क्विबेक. तिशी ओलांडल्यावर त्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलमध्ये दाखल झाल्या. १८९१ मध्ये पहिल्या तुकडीतून उत्तीर्ण झाल्या आणि १८९४ मध्ये त्याच स्कूलच्या प्रमुख बनल्या.

तक्रार नव्हे, आकडेवारी

विद्यार्थिनींना जास्त राबवले जाते, एवढे सांगून त्या थांबल्या नाहीत. अनेक नर्सिंग स्कूलमधील कामाच्या तासांची आकडेवारी गोळा करून त्यांनी ती अधीक्षकांच्या संघटनेसमोर मांडली. स्वतःच्या स्कूलमध्ये आठ तासांचा दिवस आणि दोनऐवजी तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणला. १९०१ पासून वॉर्डात जाण्याआधी सहा महिन्यांचे पूर्वशिक्षणही सुरू केले.

विद्यापीठात प्रवेश

१९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील टीचर्स कॉलेजमध्ये त्या प्राध्यापक झाल्या. नर्सिंग विषयाच्या त्या जगातील पहिल्या प्राध्यापक. रुग्णालयाच्या पैशावर चालणारे स्कूल आधी रुग्णालयाची गरज भागवणार, शिक्षण नंतर. म्हणून स्कूलला स्वतंत्र निधी हवा, हा त्यांचा आग्रह होता.

१९२५ मध्ये त्या निवृत्त झाल्या, १९४८ मध्ये त्यांचे निधन झाले. पुराव्यावर आधारित नर्सिंग हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधी त्यांनी आधी मोजायचे आणि मग बदलायचे, ही पद्धत वापरली होती.