कै. ताराबाई मोडक
(बालशिक्षकांना घडविणाऱ्या एका थोर स्त्रीचे अल्पचरित्र)



महोत्सवाच्या स्मरणिकेत संतांची व धर्मवीरांची चरित्रे छापण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. तथापि ज्या स्त्रीचे चरित्र येथे सादर करीत आहे, ती आपल्या पंथातील नव्हती. तिचा जन्म प्रार्थनासमाजाच्या घराण्यात झाला आणि तिचे आयुष्य लहान मुलांच्या व त्यांच्या शिक्षकांच्या सेवेत गेले. आपल्या धर्मग्रामात रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग चालविणाऱ्या तरुण-तरुणींना, शाळांत शिकविणाऱ्या धर्मभगिनींना आणि घरोघरच्या मातापित्यांना या चरित्रापासून घेण्याजोगे पुष्कळ आहे, म्हणून ते निवडले.

ताराबाईंचा जन्म दि. १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते असल्यामुळे, मुलीने शिकू नये असे मानणाऱ्या त्या काळातही ताराबाईंस उच्च शिक्षणाची वाट मोकळी मिळाली. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढे अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या वऱ्हाड प्रांतात नांदावयास आल्या. परंतु संसाराचे सुख त्यांच्या वाट्यास फार काळ आले नाही. १९२१ साली तो विवाहसंबंध संपुष्टात आला आणि एका लहान मुलीचा भार एकटीच्या शिरावर घेऊन त्यांना आयुष्य पुन्हा आरंभापासून उभारावे लागले. त्या काळी अशा स्त्रीकडे समाज कोणत्या दृष्टीने पाहत असेल, हे सांगावयास नको.

उपजीविकेसाठी त्यांनी काठेवाडातील राजकोटची वाट धरली. तेथे स्त्रीशिक्षिका तयार करणारे बार्टन ट्रेनिंग कॉलेज होते. त्या संस्थेच्या मुख्याध्यापिकेचे पद त्यांना मिळाले. मान होता, वेतन होते, राहावयास जागा होती. एखाद्याने त्यातच समाधान मानून जन्म काढला असता. परंतु शिक्षिका घडविण्याचे काम हाती येताच त्यांच्या मनाला एक प्रश्न पडला : आपण या मुलींना पाठ कसा द्यावा ते शिकवितो, पण ज्याला पाठ द्यावयाचा त्या मुलाला पाहावे कसे, हे त्यांना कोण शिकविणार?

या प्रश्नाचे उत्तर त्यांना जवळच, भावनगर येथे सापडले. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक वकील वकिली सोडून लहान मुलांत रमले होते. १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले. झुबकेदार मिशा आणि आईची माया असे त्यांचे रूप असल्यामुळे लोक त्यांना कौतुकाने मिशीवाली आई म्हणत. गिजुभाईंच्या कार्याचा मूळ झरा मात्र इटलीत होता, आणि त्याची हकीकत येथे थोडी सांगणे अगत्याचे आहे.

डॉ. मारिया माँतेसोरी या इटलीतील कॅथलिक घराण्यात जन्मलेल्या बाई व्यवसायाने वैद्य होत्या. रोम शहरी, ज्यांना जग मंदबुद्धी म्हणून वेड्यांच्या इस्पितळात टाकून देई, अशा मुलांशी त्यांचा संबंध आला. औषधापेक्षा या मुलांना निराळ्या रीतीच्या शिक्षणाची गरज अधिक आहे, असे त्यांच्या ध्यानी आले. हाताने हाताळावयाची साधने त्यांनी सिद्ध केली. खडबडीत आणि गुळगुळीत, जड आणि हलके, लांब आणि आखूड यांतील भेद मुलांनी बोटांनी जाणावा, अक्षराचे वळण प्रथम स्पर्शाने ओळखावे, असा तो क्रम होता. ज्यांच्याकडून कोणी आशा धरली नव्हती, ती मुले लिहू-वाचू लागली. तेव्हा डॉ. माँतेसोरींनी विचार केला की, इतरांस शहाण्या म्हणविल्या जाणाऱ्या मुलांनाही हीच संधी का असू नये? १९०७ साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. जगभर पसरलेल्या या शिक्षणपद्धतीचा उगम अशा रीतीने सर्वांत मागे पडलेल्या मुलांच्या सेवेत आहे, ही गोष्ट विसरता कामा नये.

राजकोटचे पद सोडून ताराबाई १९२३ साली भावनगरास गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. तेथे त्या मुलांबरोबर शिकल्या आणि शिकता शिकता शिक्षकांना शिकवू लागल्या. बालमंदिरासोबतच बालशिक्षक तयार करण्याचे अध्यापनमंदिर तेथे चालू झाले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाच्या द्वारे हे विचार गुजरातीतून, व पुढे ताराबाईंच्या परिश्रमाने मराठीतूनही घरोघर जाऊ लागले.

या अध्यापनाचा पाया निरीक्षण हा होता. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्याने प्रथम तोंड मिटून, हात आवरून, मुलांकडे पाहावे. कोण मूल कशात रमते, कोण लवकर थकते, कोण दहा जणांत मुके होते पण एकटे असता गुणगुणते, कोणाला एकदा दाखविले की पुरे, आणि कोणाला तीच गोष्ट दहा वेळा करून पाहावी लागते, हे टिपून ठेवावे. एकाच खोलीत, एकाच वेळी, निरनिराळी मुले निरनिराळ्या साधनांशी आपापल्या गतीने काम करीत आहेत, आणि शिक्षक एकेकापाशी बसून त्याला हवे तेवढेच साहाय्य देत आहे, असे ते दृश्य असे. चाळीस मुलांकडून एका सुरात पाढे म्हणवून घेण्याची सवय असलेल्या डोळ्यांना हा गोंधळ वाटे. पण या गोंधळात कोणीही मूल मागे राहिले म्हणून बाकावर उभे केले जात नसे.

१९३६ साली ताराबाई मुंबईस परतल्या आणि दादर येथे त्यांनी शिशुविहार ही संस्था उभी केली. येथेही बालवर्ग आणि शिक्षकांचे अध्यापन ही दोन्ही कामे जोडीने चालली. मुंबईतील सुशिक्षित कुटुंबे आपली मुले आनंदाने तेथे पाठवू लागली. संस्थेचा नावलौकिक वाढला. मात्र त्यांच्या मनातील जुना प्रश्न आता नव्या रूपाने उभा राहिला. बालमंदिरात येणारी मुले धुतलेल्या कपड्यांत, पोटभर जेवून, आईचे बोट धरून येतात. ज्यांना असे बोट नाही, त्यांचे काय? इटलीहून आलेल्या पद्धतीची महागडी साधने खेड्यात कोठून आणावयाची? गरिबांच्या मुलांपासून आरंभ झालेली पद्धत श्रीमंतांच्या दिवाणखान्यात अडकून पडावी, हे त्यांना साहवेना.

त्याच सुमारास आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्राम येथे, महात्मा गांधींनी नई तालीमेचा विचार विस्तारला होता आणि सात वर्षांखालील मुलांच्या शिक्षणाचाही त्यात अंतर्भाव केला होता. ताराबाईंच्या मनाने खेड्याची ओढ घेतली. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या मुंबई सोडून समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या व तेथे ग्राम बालशिक्षा केंद्राचा आरंभ केला. त्यांना साथ मिळाली ती अनुताई वाघ यांची. बालपणीच वैधव्य आलेल्या या तरुण शिक्षिकेने ताराबाईंना गुरुस्थानी मानले आणि पुढील सारे आयुष्य त्याच कामाला वाहिले.

बोर्डीस बालवाडी उघडली, परंतु गावकुसाबाहेरच्या वस्तीतील आणि पाड्यांवरील मुले तिकडे फिरकेनात. आईबाप पहाटे मजुरीस जात, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन फिरे, अंगावर धड वस्त्र नसे, आणि गावातील इतर मुलांत जाऊन बसण्याचा धीर होत नसे. असा प्रसंग आला म्हणजे शाळा काय करते? हजेरीपटावर गैरहजेरीची खूण करते आणि त्या लोकांना शिक्षणाची आवडच नाही, असा शेरा मारून मोकळी होते. ताराबाईंनी निराळे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या दारी जावे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊन एखाद्या घराच्या अंगणात बसू लागल्या. आरंभ अक्षरांनी झाला नाही. आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे, मग गाणे, गोष्ट आणि खेळ, असा तो क्रम होता. अंगणात भरते ती अंगणवाडी, असे साधे नाव या उपक्रमास पडले. १९७५ साली भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली तेव्हा हेच नाव देशभर गेले. आज आपल्या हुडकेश्वरच्या आसपास ज्या अंगणवाडीत माता आपली बाळे पाठवितात, तिच्या नावाचा उगम बोर्डीच्या त्या अंगणात आहे.

साधनांचा प्रश्नही त्यांनी तेथेच सोडविला. शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पाने, फुले, गोटे, बांबूच्या कांड्या आणि माती हेच त्यांचे शिक्षणसाहित्य झाले. लहान-मोठे शिंपले क्रमाने लावणारे मूल तोच धडा शिकते, जो रोममधील मूल लाकडी ठोकळ्यांपासून शिकत होते. मूळ तत्त्व घट्ट धरून त्याचे रूप मात्र मुलाच्या परिसराप्रमाणे बदलणे, हेच बालशिक्षकाचे खरे कसब होय, असा त्यांचा आपल्या शिष्यांना धडा होता.

१९५७ साली हे केंद्र तेथून जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलखात गेले. आज हा भाग पालघर जिल्ह्यात मोडतो. येथे अडचणी आणखी निराळ्या होत्या. सहा-सात वर्षांची मुले गुरे राखावयास जात. गुरे सोडून शाळेत बसली तर घरातील चूल थंडावे. तेव्हा शिक्षक कुरणात गेला. गुरे चरत असता झाडाच्या सावलीत धडा होई आणि चरणारी गुरे, उडणारे पक्षी, पायांखालचे गवत हेच त्याचे पाठ्यपुस्तक बने. ही कुरणशाळा होय. जी मुले दिवसा कामावर जात, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग निघाले. ज्या मुली धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी घरी राहत, त्यांच्यासाठी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली, म्हणजे तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई आपल्या वर्गात अशी तिघांची सोय एकदम व्हावी. विकासवाडी या नावाने हा प्रयोग प्रसिद्ध आहे.

या साऱ्या प्रयोगांकडे पाहिले असता एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रत्येक वेळी मूल न येण्याचे कारण निराळे होते, म्हणून प्रत्येक वेळी उपायही निराळा झाला. लाजेमुळे न येणाऱ्यासाठी अंगण, गुरांमुळे न येणाऱ्यासाठी कुरण, मजुरीमुळे न येणाऱ्यासाठी रात्र आणि भावंडामुळे न येणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर. जो शिक्षक कारण विचारीत नाही, त्याला उपाय सापडत नाही. ताराबाईंच्या हाताखाली तयार झालेल्या बालसेविका ही विचारण्याची सवय घेऊन गावोगाव गेल्या, आणि हीच त्यांची खरी पुंजी होती.

भारत सरकारने १९६२ साली पद्मभूषण देऊन ताराबाईंचा गौरव केला. दि. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांच्या पश्चात अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे आपल्या अखेरच्या श्वासापर्यंत, कोसबाडचा दीप तेवत ठेवला.

धर्मग्रामस्थहो, आता आपल्याकडे वळू. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने अपंग बालकास इतरांसोबत शिकण्याचा अधिकार दिला आहे. भावी शिक्षकांच्या अभ्यासक्रमातही हा विषय आला आहे. कायदा दार उघडतो, पण दारातून आत आलेल्या मुलापाशी बसावयाचे काम माणसालाच करावे लागते. ज्यांच्या नावे नागपूरचे महामंदिर आहे, त्या संत फ्रान्सिस द सेल्स यांची हकीकत आपल्यापैकी अनेकांस ठाऊक असेल. मार्टिन नावाचा एक बहिरा-मुका मनुष्य धर्मशिक्षणापासून वंचित राहिला होता. बिशपपदाचा सारा व्याप सांभाळून संतांनी त्याच्यासाठी हातांच्या खुणांची भाषा योजिली, तीतून त्याला श्रद्धेची तत्त्वे शिकविली आणि पवित्र सहभागास सिद्ध केले. म्हणूनच ते बहिऱ्यांचे आश्रयदाते मानले जातात. साव्हॉय प्रांतातील बिशप आणि कोसबाडच्या टेकडीवरील ताराबाई यांच्यात तीन शतकांचे व दोन धर्मांचे अंतर आहे, तरी दोघांची कृती एकच होती. शिकणारा जेथे आहे तेथे गुरू स्वतः गेला.

आपल्या प्रभूनेही याहून निराळे काय केले? कोळ्यांशी तो जाळ्यांच्या भाषेत बोलला, शेतकऱ्यांशी बियाणांच्या, आणि गृहिणींशी पिठातील खमिराच्या. बालकांना दूर सारणाऱ्या शिष्यांची त्याने कानउघाडणी केली.

हुडकेश्वर ही एकेकाळची शेतीवाडीची वस्ती आता नागपूर शहराच्या घरांनी भरत चालली आहे. येथे स्थायिक होणारी कुटुंबे निरनिराळ्या गावांची, भाषांची व परिस्थितीची आहेत. धर्मशिक्षणाच्या वर्गात एक मूल इंग्रजी शाळेतून येते, दुसरे मराठी शाळेतून. एकाला वाचता येते, दुसरे अक्षरांपाशी अडखळते. एखादे ऐकू कमी येत असल्यामुळे मागच्या बाकावर गप्प बसते आणि आपण त्याला खट्याळ समजतो. आणि काही मुले येतच नाहीत. महोत्सवाच्या निमित्ताने आपण मंदिर सजवू, पताका लावू, मेजवानी करू. त्याबरोबरच धर्मशिक्षण देणाऱ्या आपल्या तरुणांनी येत्या वर्षी एक नेम करावा. वर्गाची हजेरी घेऊन झाल्यावर न आलेल्या प्रत्येक नावापुढे त्याचे कारण लिहावे, आणि ते कारण जाणून घेण्यासाठी त्या मुलाच्या घरी जावे. पुढे काय करावयाचे ते त्या अंगणात बसल्यावर सुचेल.

परमेश्वर आपल्या धर्मग्रामातील सर्व गुरुजनांस डोळस प्रेम देवो, आणि आपल्या सर्व बालकांचे रक्षण करो.