जे कुणी गातच नाही, ते शास्त्रात कशाला? वकील भातखंड्यांनी संगीताचा पसारा असा आवरला

प्रभादेवी, लोअर परळ या पट्ट्यात एकेकाळी गिरण्यांचे भोंगे वाजायचे. आज तिथल्या काचेच्या ऑफिसांत सॉफ्टवेअरवाली पोरं बसतात. त्यांना विचारून बघा, नवा कोड लिहिणं अवघड की जुना काढून टाकणं? जुन्याचं नाव निघालं की भलेभले गप्प होतात.

कारण साधं आहे. पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी कोड लिहिलेला असतो. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. तो कोड आता वापरात आहे की नुसताच पडून आहे, हे कुणालाच माहीत नसतं. काढला आणि सगळंच बंद पडलं तर? म्हणून तो तसाच राहतो आणि नव्यानं आलेला प्रत्येक माणूस त्यात अडकतो.

आता याच प्रभादेवीतल्या रवींद्र नाट्य मंदिरात या. गायकानं यमन सुरू केला की शेजारचा जाणकार सहज सांगतो, थाट कल्याण. हे उत्तर इतकं सोपं झालं, कारण शंभरेक वर्षांपूर्वी एका मुंबईकर वकिलानं संगीताच्या शास्त्रातला पडून असलेला जुना माल बाजूला काढला. त्यांचं नाव पंडित विष्णु नारायण भातखंडे.

भातखंड्यांचा जन्म 10 ऑगस्ट 1860 चा, वाळकेश्वरचा. लहानपणापासून गाण्याची ओढ होती. पुढे ते सतारही शिकले. एल्फिन्स्टन कॉलेजमधून 1885 साली बीए झाले, 1887 मध्ये एलएलबी झाले आणि वकिली करू लागले. दुसरीकडे मुंबईतल्या गायन उत्तेजक मंडळीत नामांकित गवयांकडून चिजा शिकणं चालूच होतं.

तिथंच त्यांना एक गोष्ट खटकू लागली. पोथ्यांमध्ये एक शास्त्र होतं आणि मैफलीत गायलं जायचं ते भलतंच होतं.

पोथीतला हिशेब असा होता. मुख्य राग सहा. प्रत्येकाच्या पाच-सहा बायका, म्हणजे रागिण्या. मग त्यांचे पुत्र. हे सहा राग कोणते, यावरही एकमत नव्हतं. हनुमत मत वेगळं, शिवमत वेगळं. एखादी रागिणी अमक्याच रागाची बायको का, याचं स्वरांतून उत्तर मिळत नव्हतं. खाँसाहेब ही नावं आदरानं घ्यायचे, पण गाताना त्यांचा काही उपयोग नव्हता. 13 व्या शतकातल्या ‘संगीतरत्नाकर’चीही तीच गत. ग्रंथ थोर, पण त्यातले राग आज कसे गायचे, हे खात्रीनं सांगणारा कुणी उरला नव्हता.

1900 साली भातखंड्यांची पत्नी वारली. 1903 मध्ये मुलगीही गेली. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली आणि उरलेलं आयुष्य या एका कामाला दिलं.

पण त्यांनी आल्या आल्या कात्री चालवली नाही. आधी बघितलं, आज नेमकं काय गायलं जातंय?

1904 मध्ये ते दक्षिणेत गेले. तिथं व्यंकटमखींच्या ‘चतुर्दंडीप्रकाशिका’तली 72 मेळांची पद्धत त्यांनी अभ्यासली. मग उत्तरेकडची शहरं आणि संस्थानं पालथी घातली. घराण्यांच्या चिजा म्हणजे तिजोरीतलं सोनं, ते सहजासहजी कोण देणार? भातखंड्यांनी गंडा बांधला, शिष्य झाले. रामपूरच्या वजीर खाँसाहेबांकडे शिकले. जयपूरच्या महंमद अली खाँ यांच्या घराण्यातल्या चिजा मिळवल्या. जे ऐकलं ते स्वरलिपीत उतरवलं आणि एका घराण्याचा राग दुसऱ्या घराण्याशी ताडून पाहिला.

इतकं झाल्यावर त्यांनी पसारा आवरायला घेतला. राग-रागिण्यांचं कुटुंब वर्गीकरणातून काढलं. 72 मेळही सगळे घेतले नाहीत. उत्तरेत गायले जाणारे राग ज्यांत बसवता येतात, तेवढे दहाच थाट ठेवले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी.

ही मांडणी 1910 च्या ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’मध्ये आली. ‘लक्ष्य’ म्हणजे प्रत्यक्षात चालू असलेलं संगीत. ग्रंथ संस्कृतात लिहिला आणि त्यावर स्वतःचं नाव न घालता ‘चतुर पंडित’ हे टोपणनाव घातलं. त्याचंच सविस्तर विवेचन ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’च्या चार भागांत मराठीतून केलं, तेही गुरु-शिष्याच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात.

आणि काढलेलं त्यांनी फेकून दिलं का? तर नाही. ‘स्वरमेलकलानिधी’, ‘रागतरंगिणी’ असे जुने ग्रंथ त्यांनी उलट छापून प्रसिद्ध केले. आजचा प्रोग्रामर चालू प्रणालीतून कोड काढतो, पण गिटच्या इतिहासात तो शाबूत राहतो, तसंच हे. चिजांच्या बाबतीत तर त्यांनी काटछाट केलीच नाही. ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत 1,800 हून जास्त चिजा स्वरलिपीसह छापल्या.

विरोध व्हायचा तो झालाच. 1916 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं बडोद्यात अखिल भारतीय संगीत परिषद भरली. 22 श्रुतींचं गणित हाच पाया, असं मानणारे देवल आणि क्लेमंट्स यांच्यासारखे अभ्यासक तिथं होते. भातखंडे मात्र बारा स्वरांच्या हिशेबावर ठाम राहिले. थाटांवरची टीका आजही थांबलेली नाही आणि ती अगदीच खोटी नाही. मधुवंतीसारखा राग या दहांपैकी कुठल्याच थाटात नीट बसत नाही. नेटकेपणासाठी थोडी किंमत मोजावी लागलीच.

पण फायदा कुणाचा झाला? ज्याच्या घरात घराणं नव्हतं, त्याचा. 1926 मध्ये लखनऊला मॅरिस कॉलेज सुरू झालं. आज ते भातखंड्यांच्या नावाचं विद्यापीठ आहे. जी चीज मिळवायला पूर्वी वर्षानुवर्षं उस्तादांची सेवा करावी लागे, ती कारकुनाचा मुलगा किंवा मुलगी वर्गात बसून शिकू लागली.

1933 मध्ये भातखंड्यांना अर्धांगवायूचा झटका आला. 19 सप्टेंबर 1936 रोजी, गणेश चतुर्थीच्या दिवशी ते गेले. गोकुळाष्टमीला जन्मलेला हा माणूस आयुष्यभर एकच प्रश्न विचारत फिरला: हे आज कोण गातं? ज्याला उत्तर मिळालं ते त्यांनी जपलं. ज्याला मिळालं नाही, ते आदरानं ग्रंथालयात नेऊन ठेवलं.