सहा डॉलरमधले सहा सेंट

समजा, आठवडाभर राबून तुम्ही सहा डॉलर कमावलेत आणि शनिवारी ते सगळे दुसऱ्याच्या हातात ठेवावे लागले. तो खूश होऊन कधीतरी सहा सेंट परत देतो. बक्षीस म्हणून! राग येईल ना? फ्रेडरिक डग्लस यांनाही यायचा. फरक एवढाच, की कायद्याने ते स्वतःच त्या माणसाची मालमत्ता होते.

डग्लस यांचा जन्म १८१८ चा, अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातला. आई गुलाम, म्हणून मूलही गुलाम. लहानपणी त्यांना बाल्टिमोर शहरात कामाला पाठवलं. तिथल्या मालकिणीने मुळाक्षरं शिकवायला घेतली, पण नवऱ्याने ते बंद पाडलं. शिकलेला गुलाम हाताबाहेर जातो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मग या पोराने गल्लीतल्या गरीब गोऱ्या मुलांना पाव देऊन त्यांच्याकडून वाचन शिकून घेतलं. मोठेपणी जहाजबांधणीच्या कामावर मजुरी मिळू लागली, ती मालकाच्या खिशात जायची.

३ सप्टेंबर १८३८ ला खलाशाचे कपडे घालून, दुसऱ्याची कागदपत्रं खिशात ठेवून ते ट्रेनने पळाले. उत्तरेतल्या न्यू बेडफर्ड बंदरात पोचले आणि चक्रावलेच. गुलाम नाहीत म्हणजे लोक गरीब असणार, अशी त्यांची समजूत होती. इथे तर साधा मजूरही नीटनेटक्या घरात राहत होता! अर्थात उत्तर काही संतांची भूमी नव्हती. गोऱ्या कारागिरांनी त्यांच्यासोबत काम करायला नकार दिला.

खरी गोम इथेच आहे. एका देशात दोन अर्थव्यवस्था वाढत होत्या. उत्तरेत कारखाने, रेल्वे, रोजंदारी. दक्षिणेत कापूस, आणि तो पिकवायला गुलाम. १८६० मध्ये गुलामांची संख्या ४० लाखांच्या घरात होती आणि देशाच्या निर्यातीत निम्म्याहून जास्त वाटा कापसाचा. उत्तरेच्या गिरण्याही त्याच कापसावर चालायच्या. भांडण पेटलं ते पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांवरून: तिथे गुलामगिरी न्यायची की नाही? विस्ताराला विरोध करणारे लिंकन निवडून आले, दक्षिणेतली ११ राज्यं फुटली आणि १८६१ मध्ये युद्ध सुरू झालं.

डग्लस तोवर नावाजलेले वक्ते आणि संपादक झाले होते. कृष्णवर्णीयांना सैन्यात घ्या, असा त्यांनी धोशा लावला. त्यांची दोन मुलंही भरती झाली. पण पगार? गोऱ्या सैनिकाला महिन्याला १३ डॉलर, कृष्णवर्णीयाला कपड्यांचे पैसे कापून सात. १८६३ मध्ये हाच प्रश्न घेऊन डग्लस थेट लिंकन यांना भेटले. पुढच्या वर्षी समान पगाराचा कायदा झाला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, गुलामगिरीही कायद्याने गेली. तोवर सहा लाखांहून जास्त सैनिक मेले होते.

त्या लढ्याचं मोल पुण्यात महात्मा फुल्यांनी ओळखलं. १८७३ मधलं ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं.

डग्लस १८९५ मध्ये गेले. ते युद्ध फक्त राज्यांच्या हक्कांसाठी होतं, असं आजही कुणीतरी तुम्हाला सांगेल. तेव्हा एवढंच विचारा: हक्क नेमका कशाचा? दुसऱ्याची मजुरी खिशात घालण्याचाच ना?