विद्यार्थी मल्ल कै. खाशाबा जाधव

आपल्या जव्हार व मोखाडा भागातील मंडळ्यांतून आता मुले-मुली कॉलेजात जाऊ लागली आहेत, ही देवाची कृपा होय. पाड्यावरून घाट चढून-उतरून शाळा गाठणाऱ्या ह्या मुलांच्या पायांत मूळचाच वेग असल्यामुळे धावण्याच्या शर्यतीत व कबड्डीत त्यांची निवडही लवकर होते. मग घरी काळजी सुरू होते. पहाटे सराव, दुपारी वर्ग, सायंकाळी पुन्हा सराव, पावसाळ्यात नागलीची लावणी, आणि परीक्षा तर कोणासाठी थांबत नाही. अशा मुलास काय सांगावे, असे उपदेशक बंधू विचारतात. त्यांच्याकरिता एका मल्लाचे चरित्र येथे देत आहे. ते ख्रिस्ती नव्हते. तरी त्यांची हकिकत आपण मन लावून वाचावी अशी आहे.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यात कराडशेजारील गोळेश्वर ह्या खेड्यात झाला. वडील स्वतः मल्ल असून पाच मुलांपैकी ह्या धाकट्यास त्यांनी बालपणीच लाल मातीत उतरविले. १९४० पासून १९४७ पर्यंत कराडच्या टिळक हायस्कुलात शिकून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले.

तालमीतील मल्लाचा दिवस ज्यांनी पाहिला नाही त्यांस तो थोडा सांगितला पाहिजे. कोंबडा आरवण्यापूर्वी उठावे, जोर-बैठका काढाव्या, मातीत जोड घेऊन लढावे, मग खुराक घेऊन दुपारी स्वस्थ निजावे. कारण मेहनतीने शिणलेले शरीर विश्रांतीतच भरून येते. सायंकाळी पुन्हा मेहनत. केवळ मल्लास हे साधते, परंतु कॉलेजातील मल्लाची झोपेची वेळ हीच वर्गाची वेळ असते. रात्री दिवा लावून बसावे तर पहाट बुडते, आणि लवकर निजावे तर पुस्तक मागे राहते. असा विद्यार्थी वर्गात पेंगला म्हणजे आपण त्यास आळशी ठरवितो, हा अन्याय होय. माझ्या मते त्याने झोपेचे तास प्रथम ठरवावे आणि उरलेल्या वेळात अभ्यास व सराव बसवावा. आपण बहुधा ह्याच्या उलट करतो, आणि दोन महिन्यांत मूल दुखणाईत होते.

खाशाबांची अंगकाठी लहान होती. कॉलेजच्या कुस्त्यांत त्यांस घेण्यास क्रीडाशिक्षक राजी नव्हते, तेव्हा त्यांनी सरळ प्राचार्य खर्डेकर यांची भेट घेऊन परवानगी मिळविली आणि आपल्याहून थोराड गड्यांस चीत केले, असे सांगतात. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांस ते गेले. तो खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. तेथे त्यांस एक नवीनच गोष्ट शिकावी लागली. आपल्या मातीत पाठ टेकेपर्यंत कुस्ती चाले. तेथे गादीवर, घड्याळाच्या काट्याबरोबर व गुणांच्या हिशेबाने लढावयाचे होते. इतक्या अपरिचित रीतीतही त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

१९५२ साली हेलसिंकीस जाण्यासाठी मात्र पैसा नव्हता. गोळेश्वरच्या व आसपासच्या लोकांनी वर्गणी दिली, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले राहते घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. ५७ किलो वजनाच्या गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको व जर्मनी येथील मल्लांस हरविले. पुढे जपानच्या इशी ह्या मल्लाशी सुमारे १५ मिनिटे झुंज होऊन त्यांचा पराभव झाला. लागलीच त्यांस रशियाच्या ममदबेकोव्हशी लढण्यास बोलाविले. दोन कुस्त्यांमध्ये निदान ३० मिनिटे विश्रांती द्यावी असा नियम होता. परंतु तो नियम पुढे करून भांडण्यास आपल्या देशाचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा तसेच उभे राहिले व हरले. इशीस सुवर्ण, ममदबेकोव्हास रौप्य आणि खाशाबांस कांस्य पदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय.

ह्या अर्ध्या तासाचा विचार माझ्या मनातून जात नाही. एडिंबरोच्या विद्यापीठात शिकत असलेले एरिक लिडेल यांनी १९२४ साली पॅरिस येथे प्रभुवारी धावण्याचे नाकारले आणि त्याच सामन्यांत ४०० मीटरची शर्यत जिंकली, हे आपल्यापैकी पुष्कळांस ठाऊक आहे; त्यांनी आपला दिवस स्वतः राखला. परंतु कित्येक वेळा एकट्या खेळाडूस आपली वेळ राखता येत नाही. शर्यत व परीक्षा एकाच दिवशी आल्या तर अर्ज घेऊन प्राचार्यांकडे कोण जाणार? शर्यत संपवून उपाशी मूल शेवटच्या एस. टी.करिता धावत असता त्याच्यासोबत कोण आहे? आईबाप कामासाठी परगावी गेलेले असतात. तेथे मंडळीतील वडील व उपदेशक यांनीच गेले पाहिजे, आणि ते जात नाहीत, असे मला स्पष्ट लिहावे लागते.

खाशाबा परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने लोकांनी त्यांस कराडहून गोळेश्वरास नेले. १९५५ साली ते पोलीस खात्यात सबइन्स्पेक्टर झाले, १९८३ साली सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि पुढल्याच वर्षी रस्त्यावरील अपघातात मरण पावले. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांस मरणोत्तर देण्यात आला.

त्या घराची गोष्ट सांगावयाची राहिली. मिरवणुका झाल्यावर खाशाबांनी विश्रांती घेतली नाही. कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढले, आणि जमलेली रक्कम प्राचार्यांच्या हाती देऊन त्यांचे घर सोडवून दिले.