पदवी नसलेला राष्ट्राध्यक्ष : हॅरी ट्रूमन

राज्यकर्त्याला पदवी हवी का, हा प्रश्न निवडणुका आल्या की घरोघरी निघतो. ज्या समाजाने शिक्षणाच्या हक्कासाठी पिढ्यान्‌पिढ्या झुंज दिली, त्याला तर तो अधिकच जिव्हाळ्याचा. या प्रश्नाचा विचार करताना अमेरिकेचे ३३ वे राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रूमन यांचे चरित्र आम्हांला उद्बोधक वाटते. महाविद्यालयीन पदवी नसलेले ते त्या देशाचे आजवरचे शेवटचे राष्ट्राध्यक्ष होत.

मिसूरी राज्यातील लामार येथे ८ मे १८८४ रोजी त्यांचा जन्म झाला. दृष्टी अधू असल्याने जाड भिंगांचा चष्मा लागला आणि मैदानी खेळ दुरावले. तो वेळ त्यांनी इंडिपेंडन्स गावच्या ग्रंथालयात इतिहास व थोरांची चरित्रे वाचण्यात घालवला. १९०१ मध्ये शालेय शिक्षण पूर्ण झाले. पण धान्याच्या सट्ट्यात वडिलांचा पैसा बुडाला आणि महाविद्यालय राहून गेले. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीची वाट डोळ्यांनी अडवली. रेल्वेच्या कामावर हजेरी मांडणे, बँकेतील कारकुनी, पुढे सुमारे अकरा वर्षे शेती आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये तोफखान्याचे नेतृत्व, असा त्यांचा प्रवास झाला. युद्धानंतर भागीदारीत काढलेले कपड्यांचे दुकान १९२२ मध्ये बुडाले. तरीही स्वतःला दिवाळखोर जाहीर न करता त्यांनी अनेक वर्षे कर्ज फेडले.

एका बलाढ्य स्थानिक पुढाऱ्याच्या पाठबळाने ते राजकारणात आले. याच काळात, १९२३ ते १९२५, त्यांनी कॅन्सस सिटीत कायद्याच्या रात्रवर्गात नाव घातले. तेही अपुरे राहिले. १९३४ मध्ये ते सिनेटवर निवडून गेले. दुसऱ्या महायुद्धातील सरकारी खर्चाची उधळपट्टी शोधणाऱ्या समितीच्या कामाने त्यांचे नाव देशभर झाले. १२ एप्रिल १९४५ रोजी रुझवेल्ट यांचे निधन झाले आणि उपाध्यक्ष ट्रूमन राष्ट्राध्यक्ष झाले.

मतदारांची खरी कसोटी १९४८ मध्ये आली. प्रतिस्पर्धी थॉमस ड्यूई हे न्यूयॉर्कचे गव्हर्नर होते. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठाची कायद्याची पदवी त्यांच्याजवळ होती. (बाबासाहेबांचे गुरू जॉन ड्यूई ते वेगळे.) ट्रूमन हरणार असे जवळजवळ सर्वांनी गृहीत धरले होते. ट्रूमन मात्र रेल्वेने हजारो मैल फिरले. गाडीच्या मागच्या सज्जातून ते शेतमालाचे भाव, मजुरांचे हक्क आणि घरांची टंचाई यांवर साध्या भाषेत बोलले. त्या काळी अमेरिकेतील प्रौढांपैकी जेमतेम सहा टक्के लोक पदवीधर होते. आपले दुःख कोणाला कळते, हे लोकांनी पाहिले. ट्रूमन यांना ३०३ निर्वाचक मते मिळाली, ड्यूई यांना १८९.

यावरून पदवी निरर्थक ठरते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ट्रूमन यांना पैशाअभावी शिकता आले नाही. जातीने वा वर्णाने त्यांची वाट अडवली नव्हती. त्यांच्याच मिसूरीत लॉइड गेन्स या पात्र तरुणाला केवळ कृष्णवर्णीय म्हणून राज्य विद्यापीठाच्या कायदा शाळेने प्रवेश नाकारला. १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. दक्षिणेकडील राज्यांत तर कृष्णवर्णीय मतदाराला रोखण्यासाठी साक्षरतेच्या परीक्षेचे हत्यार वापरले जाई. उमेदवाराला पदवी कोणी विचारत नव्हते. अक्षरांची परीक्षा द्यावी लागत होती ती दुबळ्या मतदाराला. २६ जुलै १९४८ रोजी ट्रूमन यांनी सैन्यदलांत वर्णभेदाविना समान वागणुकीचा आदेश काढला, हे त्यांचे मोठे कार्य. हिरोशिमा व नागासाकी येथील अणुसंहाराची जबाबदारीही त्यांच्याच कारकिर्दीवर आहे. करुणेचा वारसा सांगणाऱ्या आम्हांला ती विसरता येत नाही. त्या अस्त्रामागे मोठमोठे विद्याविभूषित शास्त्रज्ञ होते, हेही विसरता येत नाही.

आपल्या संविधानाने मतदाराला शिक्षणाची अट घातली नाही, राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारालाही नाही. ज्यांना शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले, त्यांच्यावर तीच अट लादणे म्हणजे अन्यायावर शिक्कामोर्तब ठरले असते. मात्र ज्या बाबासाहेबांनी ही घटना घडवली, त्यांनीच विद्येसाठी आयुष्य झिजवले. म्हणून उमेदवाराला पारखताना पदवीपलीकडे त्याचे आचरण पाहावे. आपल्या मुलांना मात्र पदवीपर्यंत नेण्यात कसूर करू नये.

निवृत्तीनंतर ट्रूमन इंडिपेंडन्सला परतले. १९५७ मध्ये तेथे त्यांच्या नावाचे ग्रंथालय उघडले. तेथे येणाऱ्या शाळकरी मुलांशी ते राज्यघटना आणि इतिहास यांवर आवडीने बोलत. २६ डिसेंबर १९७२ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच ग्रंथालयाच्या आवारात त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.