०५ नंबरवाला पीटर ब्रॉक



ऑस्ट्रेलियात येऊन थोडे दिवस झाले की एक गोष्ट लक्षात येते. इथले लोक क्रिकेट आणि फुटीइतकाच जीव आणखी एका गोष्टीवर टाकतात, ती म्हणजे मोटारींची शर्यत. तीसुद्धा फॉर्म्युला वनच्या चपट्या गाड्यांची नव्हे, तर शोरूममध्ये मिळणाऱ्या गाड्यांवरून तयार केलेल्या गाड्यांची. यालाच टूरिंग कार रेसिंग म्हणतात. ऑक्टोबरमधल्या बाथर्स्टच्या शर्यतीनंतर सोमवारी ऑफिसच्या किचनमध्ये दुसरा विषय नसतो. आणि जुनी माणसं बोलायला लागली की एक नाव हमखास निघतं, पीटर ब्रॉक. या माणसाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्याचं नाव घेताना लोकांचा आवाज बदलतो. म्हणून म्हटलं, या वेळी आपल्या मंडळींना त्याची ओळख करून द्यावी. एक इंजिनिअर म्हणून मला त्याच्या आयुष्यातलं एक वर्ष फार विचार करायला लावतं. त्याबद्दल पुढे सांगतोच.

आधी बाथर्स्टबद्दल थोडं. सिडनीपासून साधारण २०० किलोमीटरवर हे गाव आहे. गावाला लागून माउंट पॅनोरामा नावाचा डोंगर आहे आणि त्यावरून सव्वासहा किलोमीटरचा गोल रस्ता जातो. चढ, वळणं आणि उतार मिळून वर-खाली १७४ मीटरचा फरक. आपल्या घाटासारखाच म्हणा ना! गंमत म्हणजे हा एरवी सार्वजनिक रस्ता आहे. ताशी ६० किलोमीटरच्या मर्यादेत तुम्ही-आम्ही कुणीही तिथून गाडी नेऊ शकतो. पण शर्यतीच्या दिवशी याच रस्त्यावर १००० किलोमीटर धावायचं असतं, म्हणजे दीडशेहून जास्त फेऱ्या. ही शर्यत एकदा जिंकली तरी माणूस आयुष्यभर त्यावर जगतो. ब्रॉकने ती नऊ वेळा जिंकली. त्याला लोक डोंगराचा राजा म्हणायचे ते उगाच नाही.

पीटरचा जन्म २६ फेब्रुवारी १९४५ चा, मेलबर्नमधला. लहानपण गेलं ते मेलबर्नच्या बाहेर हर्स्टब्रिजला, अगदी खेडेगावातलं. मोठा होत असताना त्याने पाच पौंडांना एक जुनी ऑस्टिन सेव्हन घेतली आणि तिची बॉडी चक्क कुऱ्हाडीने तोडून काढली. उरला तो सांगाडा आणि इंजिन. घराजवळच्या माळावर ती खटारा पळवता पळवता गाडीचा तोल कसा सांभाळायचा ते हा मुलगा शिकला. पुढे सक्तीची लष्करी सेवा आली. ती संपल्यावर त्याने एका छोट्या ऑस्टिन ए-३० मध्ये होल्डनचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि शर्यतींत उतरला. गाडी दिसायला विचित्र, पण पळायला तुफान! ती पाहून होल्डन डीलर टीमचे प्रमुख हॅरी फर्थ यांची नजर त्याच्यावर गेली आणि १९६९ मध्ये ब्रॉक पहिल्यांदा बाथर्स्टला उतरला. डेस वेस्टच्या जोडीने होल्डन मोनॅरो चालवून त्याने पहिल्याच फटक्यात तिसरा नंबर काढला.

इथे होल्डन म्हणजे काय तेही सांगायला हवं. १९४८ पासून होल्डन ही ऑस्ट्रेलियाची स्वतःची गाडी म्हणून लोकांच्या मनात बसली होती, जरी मालकी अमेरिकेच्या जनरल मोटर्सची होती. दुसरीकडे फोर्डवाले. घराघरांत ही वाटणी असायची, बाप होल्डनवाला तर मुलगाही होल्डनवाला. फोर्डचा हिरो होता अ‍ॅलन मोफॅट आणि होल्डनचा झाला पीटर ब्रॉक. १९७२ मध्ये भर पावसात ब्रॉकने आपली ३.३ लिटरची छोटी टोराना ५०० मैल एकट्याने चालवून ५.८ लिटरच्या फाल्कनवाल्यांना हरवलं. बाथर्स्टचा हा त्याचा पहिला विजय. एकट्या ड्रायव्हरने जिंकता येण्याचं ते शेवटचं वर्ष, कारण १९७३ पासून शर्यत १००० किलोमीटरची झाली आणि दोन ड्रायव्हर सक्तीचे झाले.

त्यानंतर तो थांबलाच नाही. १९७५ ला ब्रायन सॅम्पसनबरोबर, १९७८, ७९ आणि ८० ला जिम रिचर्ड्‌सबरोबर आणि १९८२, ८३, ८४ ला लॅरी पर्किन्सबरोबर (८३ ला जॉन हार्वीही सोबत होता) बाथर्स्ट जिंकलं. शिवाय १९७४, ७८ आणि ८० ची ऑस्ट्रेलियन टूरिंग कार चॅम्पियनशिप. १९७९ चा विजय तर कळस म्हणायला हवा. ब्रॉक दुसऱ्या नंबरच्या गाडीपेक्षा पूर्ण सहा फेऱ्या पुढे होता. कुणीही अशा वेळी गाडी जपून आणली असती. या पठ्ठ्याने शेवटच्या फेरीत लॅप रेकॉर्ड केलं, २ मिनिटं २१.१ सेकंद! त्याच वर्षी संपूर्ण ऑस्ट्रेलियाला वळसा घालणारी, सुमारे २० हजार किलोमीटरची रेप्को ट्रायलसुद्धा त्याने साध्या कमोडोरमधून जिंकली.

त्याच्या गाडीचा नंबर असायचा ०५. नुसता पाच नाही, शून्य पाच. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठी रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा ०.०५ आहे, ती लोकांच्या लक्षात राहावी म्हणून व्हिक्टोरियातल्या रस्ता सुरक्षा मोहिमेशी जोडलेला हा नंबर होता. ज्या तरुण पोरांना भाषण दिलं तर ती उठून जातील, त्यांच्या डोक्यात हा आकडा ब्रॉकच्या गाडीने पक्का बसवला. इथे लर्नर्सची परीक्षा देणारी आपली मुलं हा आकडा पाठ करतात, त्यांना ही गोष्ट जरूर सांगा.

१९८० मध्ये मोठा बदल झाला. होल्डनने शर्यतींतून अंग काढून घेतलं. मग ब्रॉकने टीम स्वतःच्या हातात घेतली आणि पैसा उभा करायला एक शक्कल काढली. होल्डनच्या कारखान्यातून कमोडोर घ्यायच्या, त्यांचं इंजिन, सस्पेन्शन, बॉडी सुधारायची आणि ब्रॉकच्या सहीनिशी डीलर्समार्फत विकायच्या. धंदा जोरात चालला. आज या गाड्या संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात.

आणि इथे येतं ते १९८७ चं वर्ष.

त्याआधी १९८६ मध्ये ब्रॉक एका वेगळ्याच गोष्टीच्या नादी लागला होता. एनर्जी पोलरायझर नावाची एक डबी, आत चुंबक आणि स्फटिक. ती गाडीत बसवली की पदार्थांचे रेणू नीट रांगेत येतात आणि गाडी जास्त चांगली चालते, असा त्याचा दावा होता. तो आपल्या गाड्यांमध्ये ती बसवू लागला. होल्डनच्या इंजिनिअर्सना हे पटणं शक्यच नव्हतं. कुणालाही या डबीने पडलेला फरक मोजून दाखवता आला नाही. पण ब्रॉक ऐकेना. जवळच्या माणसांनी समजावलं, काही सोडून गेले. शेवटी फेब्रुवारी १९८७ मध्ये त्याने कंपनीची संमती नसताना डायरेक्टर नावाची नवी गाडी लोकांसमोर आणली आणि होल्डनने त्याच्याशी सगळे संबंध तोडले. ज्या कंपनीच्या नावाशी त्याचं नाव अठरा वर्षं जोडलेलं होतं, तिचं दार बंद झालं. कारखान्याचा पाठिंबा नाही म्हणजे धंद्याचा पायाच गेला.

हा माणूस लबाड नव्हता. लोकांना फसवून पैसे करावेत म्हणून त्याने हे केलं असं त्याला ओळखणारेही म्हणत नाहीत. त्याचा खरोखर विश्वास होता, आणि मला तेच जास्त अस्वस्थ करतं. सेकंदाच्या दहाव्या भागासाठी रात्र रात्र गाडीवर काम करणारा, प्रत्येक बदल घड्याळावर तपासणारा हा माणूस. त्याने या एका डबीला मात्र घड्याळ लावायचं नाकारलं. आम्ही आयटीवाले टेस्टिंगवरून रोज भांडतो, म्हणून मला हे जवळचं वाटतं. आपण हुशार आहोत, आजवर आपलं बरोबर आलंय, मग आता तपासायची काय गरज, हा विचार अडाणी माणसाला नाही, यशस्वी माणसालाच जास्त सतावतो.

पण १९८७ ची गोष्ट इथे संपत नाही. त्या वर्षी जागतिक टूरिंग कार चॅम्पियनशिप भरली होती. मार्चमध्ये इटलीत मोंझा इथे पहिली शर्यत झाली. तिथे पहिल्या सहा बीएमडब्ल्यू तपासणीत बाद झाल्या आणि विजय सातव्या आलेल्या होल्डन कमोडोरला मिळाला. चालवणारे कोण? ब्रॉकला सोडून गेलेला जॉन हार्वी आणि त्याचा जुना प्रतिस्पर्धी मोफॅट! गाडीसुद्धा मुळात ब्रॉकच्याच टीमची. इकडे ऑस्ट्रेलियन चॅम्पियनशिप जिंकली जिम रिचर्ड्‌सने, तीही बीएमडब्ल्यूमधून. ब्रॉकचे जुने साथीदार दुसऱ्या गाड्यांतून जिंकत होते आणि तो होल्डनविना आपली छोटी टीम कशीबशी चालवत होता.

ऑक्टोबरमध्ये ही जागतिक मालिका बाथर्स्टला आली. युरोपच्या फोर्ड सिएरा गाड्यांपुढे ब्रॉकच्या कमोडोरचं काही चालणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. त्यात त्याची ०५ नंबरची गाडी लवकरच इंजिन जाऊन बंद पडली. नियमाने टीमच्या दुसऱ्या गाडीत बसता येत होतं. तेव्हा ब्रॉक आणि डेव्हिड पार्सन्स दोघेही पीटर मॅकलाउडच्या १० नंबरच्या गाडीत गेले. दुपारी पाऊस आला. ओल्या डोंगरावर भलेभले घसरत असताना ब्रॉकने गाडी पुढे पुढे काढली आणि ती तिसरी आली. पहिल्या दोन नंबरांवर स्विस टीमप्रमुख रुडी एगेनबर्गर यांच्या दोन सिएरा. मग त्यांची तपासणी झाली. चाकांवरच्या कमानी नियमापेक्षा वेगळ्या, मोठी चाकं बसतील अशा बनवलेल्या आढळल्या. दोन्ही गाड्या बाद झाल्या आणि ब्रॉकला नववा विजय मिळाला.

बघा कसं असतं ते. ज्या वर्षी त्याने मोजमाप नाकारून सगळं गमावलं, त्याच वर्षी कुणीतरी नीट मोजमाप केलं म्हणून त्याला विजय मिळाला. अर्थात नुसत्या नशिबाने नाही. आधी पावसात तिसरं यावं लागतं. हा या शर्यतीतला त्याचा शेवटचा विजय.

पुढची काही वर्षं त्याने बीएमडब्ल्यू चालवली, मग फोर्ड सिएरासुद्धा! होल्डनवाल्या घरांत हे म्हणजे मुलाने घर सोडल्यासारखंच. मधल्या काळात रशियन लाडा सुधारून विकायचा प्रयोगही झाला. १९९१ मध्ये तो पुन्हा होल्डनच्या गाडीत बसला आणि १९९४ मध्ये कंपनीच्या अधिकृत टीममध्ये परतला. दोन्ही बाजूंनी राग गिळला होता. १९९७ मध्ये त्याने पूर्णवेळ रेसिंग सोडलं तेव्हा ट्रॅकवर लोकांची रीघ लागली. त्याच वर्षी त्याने गरजूंसाठी पीटर ब्रॉक फाउंडेशन सुरू केलं. सही मागणाऱ्या शेवटच्या माणसापर्यंत थांबणं ही त्याची सवय होती आणि लोकांनी त्या डबीसकट त्याला माफ केलं, त्याचं एक कारण मला तेच वाटतं.

८ सप्टेंबर २००६ रोजी पर्थजवळ टार्गा वेस्ट रॅलीत त्याची गाडी झाडावर आदळली आणि तो जागीच गेला. वय ६१. शेजारी बसलेला सहकारी वाचला. मेलबर्नच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये सरकारी इतमामाने त्याला निरोप दिला गेला. महिन्याभराने बाथर्स्टच्या विजेत्याला प्रथमच पीटर ब्रॉक ट्रॉफी दिली गेली आणि ती जिंकली त्याच्याच हाताखाली शिकलेल्या क्रेग लाउंड्‌सने, जेमी विनकपच्या साथीने. त्या वेळी लाउंड्‌स फोर्ड चालवत होता. फोर्डवाले आणि होल्डनवाले त्या दिवशी एकत्र रडले.

आता होल्डनही राहिली नाही. २०१७ मध्ये कारखाना बंद झाला आणि २०२० मध्ये हे नावच मिटवायचं कंपनीने ठरवलं. ब्रॉकची ट्रॉफी मात्र दरवर्षी दिली जाते.

कधी सिडनीहून गाडी काढून तिकडे गेलात तर डोंगरावर एक फेरी जरूर मारा, पायथ्याशी मोटार रेसिंगचं संग्रहालय आहे तेही मुलांना दाखवा. फेरी मात्र साठच्या आतच हं! पोलीस तिथे आवर्जून उभे असतात. आणि घरी कुणी फार हुशारीने एखादी न तपासलेली गोष्ट ठामपणे सांगू लागलं, तर त्याला त्या डबीची गोष्ट ऐकवायला हरकत नाही.

बराय मंडळी, भेटू पुढच्या अंकात!