ज्याला दंड करणारा कोणीच नव्हता



धम्मदीक्षा घेतलेल्या घराला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. शेजारी विचारतात, सोयरे विचारतात, कधी घरातली म्हातारी माणसेही विचारतात. तुम्ही देव्हारा उतरविलात, देवीचा कोप मानीत नाही, यमाचा दरबार मानीत नाही. मग तुमची मुले कोणाच्या धाकाने सरळ चालतील? शिक्षा करणारा वर कोणी नाही असे एकदा कळले, की माणूस मोकाट सुटणार नाही काय?

हा प्रश्न हसून सोडून देऊ नका. आपल्या वाडवडिलांना पिढ्यान् पिढ्या हेच शिकविले गेले, की नीती म्हणजे भीती. खोटे बोललास तर देव जीभ झाडील, हे ऐकतच आपण वाढलो. देव गेले तरी ती सवय मनातून लगेच जात नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आज एका माणसाच्या चरित्रात शोधू. तो असा माणूस होता, की त्याला शिक्षा करू शकेल असा कोणी त्याच्या राज्यात उरला नव्हता. तो म्हणजे सम्राट अशोक.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. मगध देशातील पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा, ही त्यांची राजधानी. इ.स.पूर्व २६८ च्या सुमारास अशोकाला राज्याभिषेक झाला. ज्या घराण्यात तो वाढला, तेथे राज्य दंडावर चालते हाच पाठ होता. चंद्रगुप्ताच्या दरबारी आलेला ग्रीक वकील मेगॅस्थेनिस याने त्या काळच्या शिक्षा लिहून ठेवल्या होत्या. खोटी साक्ष देणाऱ्याचे हातपाय तोडीत. दुसऱ्याचा अवयव निकामी करणाऱ्याचा तोच अवयव तोडीत आणि वर हातही कापीत. कारागिराचा हात किंवा डोळा घालविणाऱ्याला जिवे मारीत. अशा राज्यात तरुण अशोकाला धाकापलीकडची नीती कोण शिकविणार?

त्याच्या राज्याच्या सुरुवातीच्या दिवसांबद्दल ‘अशोकावदान’ या संस्कृत ग्रंथात एक भयंकर कथा आहे. ती कथा म्हणूनच ऐका, इतिहासाचा पुरावा म्हणून नव्हे. राजाने चंडगिरिक नावाच्या एका क्रूर माणसाला मारेकरी नेमले आणि त्याच्यासाठी बाहेरून सुंदर दिसणारा तुरुंग बांधून दिला. आत पाऊल टाकणारा कोणीही जिवंत बाहेर जाऊ नये, असे वचन त्याने राजाकडून घेतले. आत छळ कसा करावयाचा हे तो कोठे शिकला? एका विहारात एक भिक्खू नरकाचे वर्णन असलेले सूत्र म्हणत होता. ते चंडगिरिकाने ऐकले आणि त्याच नमुन्याचा नरक जमिनीवर उभा केला. पुढे एक भिक्खू त्यात सापडला, परंतु त्याची शांती ढळली नाही. ती बातमी ऐकून राजा स्वतः पाहावयास आला. परत निघताना चंडगिरिकाने राजालाच अडविले. कारण आत आलेल्या कोणालाही सोडावयाचे नाही, हे राजाचेच वचन होते. शेवटी चंडगिरिकाचा त्याच आगीत अंत झाला आणि राजाने तो तुरुंग पाडून टाकला.

वाचकहो, या कथेतला चमत्कार बाजूला ठेवा आणि मर्म पाहा. नरक सांगितला गेला तो लोकांनी पापापासून दूर राहावे म्हणून. ऐकणाऱ्याने त्यातून फक्त छळाची रीत उचलली. ज्याला भीती शिकविली तो सज्जन झाला नाही, तो दुसऱ्याला भिवविण्यात तरबेज झाला. आणि ज्याने हुकूम दिला, तोच त्या हुकुमात अडकला.

आता कथा सोडून शिलालेखांकडे वळू. राज्याभिषेकाला ८ वर्षे झाली असता अशोकाने कलिंग, म्हणजे आजचा ओडिशाचा प्रदेश, जिंकला. त्या युद्धाचा हिशेब त्याने स्वतःच दगडावर कोरून ठेवला. दीड लाख माणसे धरून नेली गेली, एक लाख मारली गेली, आणि त्याच्या कितीतरी पट इतर कारणांनी मेली. जगातले राजे आपल्या विजयाचे स्तंभ उभारतात. या राजाने आपल्या हातून झालेल्या संहाराची कबुली कोरली आणि त्याबद्दल आपल्याला पश्चात्ताप होत आहे हे सर्वांना कळविले.

येथे थोडे थांबा आणि विचार करा. त्या वेळी अशोकाला कोणाची भीती होती? शत्रू हरला होता. सैन्य त्याचे, खजिना त्याचा, न्यायाधीश त्याचे. युद्धात शत्रूला मारणे हे त्या काळच्या रीतीप्रमाणे पाप नव्हते, ते राजाचे कर्तव्य आणि भूषण होते. म्हणजे न्यायालयाचा दंड नाही, लोकांची निंदा नाही. दंडाच्या भीतीनेच माणूस चांगला वागतो हे खरे असते, तर कलिंग जिंकल्यानंतर अशोक आणखी उन्मत्त व्हावयास हवा होता. घडले ते उलट. त्याच्या डोळ्यांसमोर आली ती मेलेली माणसे, आणि जी मेली नाहीत परंतु ज्यांचे आप्त गेले ती माणसे. आईबापांची सेवा करणारे, वडीलधाऱ्यांचे ऐकणारे, मित्र व नोकर यांच्याशी नीट वागणारे साधे संसारी लोक या आगीत होरपळले, हे त्याला सलत राहिले. दुसऱ्याचे दुःख दिसले आणि त्याचा हात थांबला.

हा बदल एका रात्रीत झाला असे समजू नका. नवदीक्षित कुटुंबांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे. उपासक झाल्यावर पहिले वर्षभर आपण फारसा उत्साह दाखविला नाही, आणि पुढे संघाच्या सहवासात आल्यावर मात्र जोमाने प्रयत्न केला, असे या सम्राटाने आपल्या एका लेखात प्रांजळपणे सांगितले आहे. ज्यांना दीक्षेनंतर जुन्या सवयी सुटत नाहीत म्हणून लाज वाटते, त्यांनी या कबुलीकडे पाहून धीर धरावा.

त्यानंतर त्याने दंडाच्या बाबतीत काय केले ते पाहा. कलिंगात तोसली येथील अधिकाऱ्यांसाठी त्याने धौली येथे वेगळा लेख कोरविला. सर्व प्रजा मला माझ्या लेकरांसारखी आहे असे सांगून त्याने बजावले, की कोणालाही विनाकारण बंदिवास किंवा छळ होता कामा नये. मत्सर, राग, कठोरपणा, उतावीळपणा आणि आळस यांमुळे न्याय बिघडतो, म्हणून अधिकाऱ्यांनी हे दोष टाळावेत. याची तपासणी करण्यासाठी दर ५ वर्षांनी मृदू स्वभावाचे अधिकारी दौऱ्यावर पाठविण्याची व्यवस्था त्याने केली. दंड भोगणाऱ्याने सुधारावे असे सर्वच राजे सांगतात. दंड देणाऱ्याने आधी आपले मन तपासावे, असे सांगणारा हा राजा होता.

अभिषेकाला २६ वर्षे झाली तेव्हा त्याने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. न्यायाच्या कामकाजात समता असावी आणि दंडातही समता असावी. तसेच देहांताची शिक्षा झालेल्या कैद्याला ३ दिवसांची सवड मिळावी, म्हणजे त्याच्या नातलगांना फेरविचाराची विनंती करता येईल. तोपर्यंतच्या काळात २५ वेळा कैदी मुक्त केल्याचेही त्याने नोंदविले. दंडसमता या शब्दाचे महत्त्व आपल्याला सांगावयास नको. अशोकानंतर रचल्या गेलेल्या मनुस्मृतीने दंडाच्या भयानेच सर्व जग ताळ्यावर राहते असे मानले आणि एकाच गुन्ह्याला वर्ण पाहून वेगवेगळी शिक्षा सांगितली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिचे दहन झाले. जेथे नीती भीतीवर उभी असते, तेथे ज्याच्या हाती काठी तो नीतिमान ठरतो आणि ज्याच्या पाठीवर काठी तो पापी ठरतो. हा अनुभव आपल्या समाजाने जेवढा घेतला, तेवढा दुसऱ्या कोणी घेतला असेल?

परंतु अशोकाची स्तुती करताना सत्य झाकू नये. देहांताची शिक्षा त्याने रद्द केली नाही. अरण्यात राहणाऱ्या टोळ्यांना त्याने समजुतीच्या गोष्टी सांगितल्या, आणि आपल्यापाशी शिक्षेचे सामर्थ्य आहे याची जाणीवही दिली. सदाचरणाने स्वर्ग मिळतो असेही त्याच्या लेखांत येते. म्हणजे दंड आणि आमिष ही दोन्ही साधने त्याने पूर्णपणे टाकली नव्हती. राज्य चालविणाऱ्याला कायदा लागतो, आणि आपल्यालाही लागतो. अत्याचार करणाऱ्याला शिक्षा झाली पाहिजे, यासाठी आपण झगडतोच. मग त्याचा अंतिम निष्कर्ष काय होता?

तो निष्कर्ष अभिषेकाच्या २७ व्या वर्षानंतरच्या स्तंभलेखात आहे. हा स्तंभ पूर्वी टोपरा येथे होता, तो पुढे दिल्लीला नेण्यात आला. इतकी वर्षे राज्य केल्यावर अशोक मागे वळून पाहतो आणि सांगतो, की लोकांत धम्माची वाढ दोन मार्गांनी झाली. एक मार्ग नियमांचा, म्हणजे अमुक करू नका या हुकमांचा. दुसरा मार्ग मनन करविण्याचा, समजूत पटविण्याचा. त्यांपैकी नियमांचे काम थोडे, मननाचे काम फार मोठे. लक्षात घ्या, हे कोणा दुबळ्या माणसाने सांगितलेले नाही. ज्याच्या एका हुकमाने मुंडके उडू शकत होते, त्याने आयुष्यभराच्या अनुभवातून काढलेला हा हिशेब आहे.

असे का व्हावे? भीतीला नेहमी पहारेकरी लागतो. पहारेकरी झोपला की भीतीही झोपते. शिवाय पहारेकऱ्याला फितविता येते. आपल्या जुन्या घरांत काय चालत असे ते आठवा. दारू पिऊन बायकोला मारणारा माणूस जत्रेला कोंबडे कापून मोकळा होई. नवस फेडला की देवीचा राग उतरला, अशी सर्वांची समजूत. त्या बायकोच्या पाठीवरचे वळ मात्र कोणी मोजीत नसे. भीतीने त्याला देवीशी तडजोड करावयास शिकविले. बायकोच्या दुःखाकडे पाहावयास शिकविले नाही.

भगवान बुद्धांच्या शिकवणीत हाच मुद्दा वेगळ्या बाजूने मांडला आहे. धम्मपदात दंडावर एक स्वतंत्र वर्ग आहे. मार सर्वांनाच नकोसा असतो आणि मरण सर्वांनाच भिववते, तेव्हा स्वतःवरून दुसऱ्याला ओळखावे आणि कोणावर हात उगारू नये, असा त्याच्या सुरुवातीचा आशय आहे. मला मार बसेल म्हणून मी मारणार नाही, ही झाली तुरुंगाची नीती. मला मार लागतो तसा त्यालाही लागतो म्हणून मी मारणार नाही, ही धम्माची नीती. धम्मात हिरी आणि ओत्तप्प हे दोन गुण सांगितले आहेत. हिरी म्हणजे वाईट कृत्याची स्वतःलाच वाटणारी लाज, आणि ओत्तप्प म्हणजे त्या कृत्याच्या परिणामांचा धाक. म्हणजे धाकाला धम्मात जागा आहे. परंतु तो धाक आपल्या कर्माचा आहे, कोणा कोपिष्ट देवाचा नाही. त्या देवाला कोंबडे देता येते, कर्माला देता येत नाही.

अशोकाचा आवाज आपल्या महाराष्ट्रातही पोहोचला होता. आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपारा हे तेव्हाचे मोठे बंदर. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना त्याच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आणि १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, त्याच परिसरात नवव्या लेखाचा तुकडा मिळाला. या नवव्या लेखाचा विषय आपल्या घरातला आहे. आजारपण, लग्न, मूल होणे, प्रवास अशा प्रसंगी लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे असते. खरे मंगल कोणते? तर दास व नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा मान राखणे, प्राणिमात्रांच्या बाबतीत संयम बाळगणे आणि दान देणे. देवाला खूश करण्याऐवजी माणसाशी नीट वागा, असाच या लेखाचा अर्थ नाही काय?

तेव्हा भगिनींनो, उद्या तुमच्या मुलाने शेजारच्या पोराची पाटी फोडली, तर त्याला बागुलबुवा दाखवू नका आणि लगेच हातही उचलू नका. त्याला त्या पोराजवळ घेऊन जा. त्याचे रडणे पाहू द्या. तुझी पाटी कोणी फोडली असती तर, एवढेच विचारा. मग आपल्या वाट्याच्या पैशातून नवी पाटी घेऊन द्यावयास सांगा. बांधवहो, तुम्हीही पंचशील म्हणता तेव्हा ते कोणाला दिलेले वचन आहे हे आठवा. ते आकाशातल्या न्यायाधीशाला दिलेले नाही. ते तुम्ही स्वतःहून, स्वतःला दिलेले आहे. कोणी पाहत नसताना ते टिकले, तरच ते शील.

अशोक इ.स.पूर्व २३२ च्या सुमारास वारला. त्याचे साम्राज्य पुढे पन्नासएक वर्षांतच मोडले. त्याचे तुरुंग, त्याचे सैन्य, त्याचा खजिना यांचा मागमूस उरला नाही. सारनाथच्या त्याच्या स्तंभावरचे सिंह मात्र भारताचे राजचिन्ह झाले आणि २४ आऱ्यांचे धम्मचक्र राष्ट्रध्वजावर आले. आणि ज्या दिवसाशी अशोकाच्या धम्मस्वीकाराची आठवण जोडली जाते, त्याच अशोक विजयादशमीच्या दिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी नागपूरला लाखो लोकांसह धम्म स्वीकारला.

आता कोणी तुम्हाला विचारील, की देवाला भीत नाही तर चांगले का वागता, तेव्हा खाली मान घालू नका. कलिंग जिंकून उभ्या असलेल्या त्या राजाची गोष्ट त्याला सांगा. त्याला दंड करणारा कोणीच नव्हता, तरीही त्याने तलवार खाली ठेवली.